लूटनचा शांतता-दिन

११ नोव्हेंबर १९१८ रोजी सकाळी अकरा वाजता पश्चिम आघाडीवरील तोफा बंद पडल्या, हे सर्वश्रुत आहे. परंतु त्या दिवशी झाली ती तहकुबी, तह नव्हे. जर्मनीशी तह व्हावयास आणखी साडेसात महिने लागले आणि २८ जून १९१९ रोजी व्हर्सायच्या राजवाड्यात त्यावर सह्या झाल्या. तेव्हा कोठे जेत्या राष्ट्रांना उत्सवाची मोकळीक मिळाली. इंग्लंडात या उत्सवाची आखणी मंत्रिमंडळाच्या एका समितीकडे होती आणि तिचे अध्यक्ष होते लॉर्ड कर्झन. १९०३ सालचा दिल्ली दरबार ज्यांनी भरवला, त्यांच्याकडेच असले काम जावे यात हिंदी श्रोत्यास नवल वाटणार नाही. ऑगस्टमध्ये चार दिवसांचा सोहळा करावा असा समितीचा मूळ बेत होता. तो पुढे आटोपता घेण्यात आला आणि शनिवार, १९ जुलै १९१९ हा ‘शांतता-दिन’ म्हणून जाहीर झाला. राजधानीत विजयी सैन्याची मिरवणूक निघावी आणि इतर गावांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे व आपापल्या नगरपालिकेच्या विचाराने तो दिवस साजरा करावा, असे ठरले.

नगरपालिकेचा विचार आणि गावाचा विचार एकच असतो असे सरकारने गृहीत धरले होते. पुष्कळ ठिकाणी ते खरेही ठरले. मुलांना खाऊ वाटला गेला, चर्चमध्ये प्रार्थना झाल्या, म्हाताऱ्यांना जेवणे मिळाली, रात्री दारूकाम झाले आणि लोक घरी गेले. अशा गावांच्या हकीगती एकमेकींसारख्या आहेत. त्या सांगण्यात फारसा अर्थ नाही. एका गावाची हकीगत मात्र निराळी आहे.

लंडनच्या उत्तरेस सुमारे ३० मैलांवर बेडफर्डशायरमध्ये लूटन नावाचे शहर आहे. गवती टोप्या विणण्याच्या धंद्याने ते नावारूपास आले. युद्धाच्या काळात तेथे तोफगोळ्यांना लागणाऱ्या फ्यूज मोठ्या संख्येने तयार होऊ लागल्या आणि टोप्या शिवणाऱ्या बायका दारूगोळ्याच्या कारखान्यात कामास जाऊ लागल्या. गावात पैसा आला, पण तो सगळ्यांच्या घरी आला नाही. जे तरुण १९१४ व १९१५ साली उत्साहाने लष्करात नाव घालून गेले, त्यांच्यापैकी कित्येक फ्रान्सच्या चिखलात राहिले. जे परत आले त्यांना आपल्या जागी दुसरा माणूस बसलेला दिसला. महागाई दुपटीने वाढलेली, निवृत्तिवेतन तुटपुंजे, आणि ते मिळविण्यासाठी कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवाव्या लागत. शिवाय लष्करभरतीतून कोणाला सूट द्यावी व कोणाला पाठवावे हे ठरविणारी जी स्थानिक मंडळे होती, त्यांवर गावोगाव बहुधा नगरपालिकेतलीच माणसे बसलेली असत. ज्यांनी पाठवले ते घरी राहिले आणि ज्यांना पाठवले ते लंगडत आले, ही भावना बोलून दाखविण्याची गरजच नव्हती.

अशा गावात शांतता-दिनाची तयारी सुरू झाली. परत आलेल्या सैनिकांच्या संघटनेने नगरपालिकेकडे एक साधी मागणी केली. वॉर्डाऊन बागेत आपल्या मृत सोबत्यांसाठी आपण प्रार्थना करू इच्छितो. तेवढी बाग एक दिवस द्यावी. नगरपालिकेने नकार दिला. दुसरीकडे नगराध्यक्ष हेन्री इंपे यांच्या यजमानपणाखाली टाऊन हॉलमध्ये मेजवानीचा बेत रचला गेला. त्या मेजवानीत सामान्य शिपायाला, त्याच्या विधवेला किंवा त्याच्या आईला जागा नव्हती. बाग नाकारणे आणि मेजवानी मांडणे, या दोन गोष्टी एकेकट्या घडल्या असत्या तर कदाचित कुरकुर होऊन प्रकरण मिटले असते. दोन्ही एकाच आठवड्यांत, एकाच सभागृहातून निघाल्या, तेव्हा त्यांचा अर्थ अगदी अडाण्यालाही लावता आला. सैनिकांच्या संघटनेने नगरपालिकेच्या उत्सवाशी आपला संबंध नाही असे जाहीर केले.

१९ जुलैला दुपारी मिरवणूक निघाली. रस्त्याच्या कडेला युद्धात हातपाय गमावलेली माणसे ओळीने उभी होती. दया नको, काम द्या, अशा आशयाचा फलक त्यांनी धरला होता. शृंगारलेल्या गाड्या, वाद्ये आणि शाळेची मुले त्यांच्यासमोरून गेली. मिरवणूक टाऊन हॉलपाशी आली, तेव्हा नगराध्यक्ष आपल्या पदाचा झगा व साखळी घालून पायऱ्यांवर उभे राहिले आणि राजाचा जाहीरनामा वाचू लागले. पहिल्या वाक्यांतच हुर्यो सुरू झाली. वाचन बंद पडले. नगराध्यक्ष व सभासद आत गेले, दरवाजे लावण्यात आले, आणि लोकांनी ते फोडले. दिवाणखान्यातील खुर्च्या, मेजे आणि सणासाठी लावलेली सजावट खिडक्यांतून रस्त्यावर आली. पोलिसांनी कसाबसा जमाव मागे सारला.

एवढ्यावर दिवस संपला असता तर लूटनचे नाव इतिहासात राहिले नसते. पण रात्री दहाच्या सुमारास दारूकाम पाहून परतणारे लोक पुन्हा टाऊन हॉलसमोर जमले. या वेळी विटा व बाटल्या होत्या आणि पोलिसांच्या हाती दंडुके. जवळची एक मोटारींची गॅरेज फोडून पेट्रोल आणण्यात आले आणि इमारत पेटली. आगीचे बंब आले तर लोकांनी त्यांचे नळ कापून टाकले. बंबवाल्यांनी उरलेल्या नळांचे तोंड जमावाकडे वळवले, तेव्हा त्यांच्यावरही दगड पडले. कित्येक पोलीस व बंबवाले जखमी झाले. मध्यरात्र उलटल्यावर एका वाद्यांच्या दुकानातून पियानो ओढून जॉर्ज स्ट्रीटवर आणण्यात आला आणि जळत्या इमारतीच्या उजेडात लोक नाचले. युद्धकाळात घराघरांतून गायले गेलेले, घरची शेकोटी पेटती ठेवा असे सांगणारे गाणे त्या पियानोवर वाजले. ते निवडणाऱ्याच्या विनोदबुद्धीला कडवटपणाची धार होती, हे सांगावयास नको. पहाटे जवळच्या छावणीतून सैन्य आले तेव्हा टाऊन हॉलच्या जळक्या भिंतीच काय त्या उभ्या होत्या. नगराध्यक्षांना गुपचूप गाव सोडावे लागले.

पुढे खटले झाले व काहींना तुरुंगवास भोगावा लागला. आग लावणे हा गुन्हा होता आणि न्यायालयाने तो तसाच मानला. दुकाने लुटणाऱ्यांमध्ये युद्धाचे तोंडही न पाहिलेली पोरे होती, हेही खरे. सैनिकांच्या संघटनेने या दंग्याची जबाबदारी घेतली नाही. तथापि इतकी मोठी गर्दी एका रात्रीत केवळ दारूच्या नशेने आपल्याच गावचे सभागृह जाळीत नाही. त्या इमारतीत नुसती नगरपालिका नव्हती. तिच्यातच शिधा-नियंत्रणाची कचेरी होती. ज्या खिडकीपुढे बायका साखरेसाठी व लोण्यासाठी तिष्ठत उभ्या राहिल्या, ती खिडकीही त्या रात्री जळाली. लूटन हे एकटेही नव्हते. स्विंडन येथे नगरपालिकेने शांतता-दिनासाठी मोठ्या खर्चाने एक ध्वजस्तंभ उभारला होता. तो लोकांनी त्याच दिवसांत जाळून टाकला. ठिकठिकाणी सैनिकांच्या संघटनांनी मिरवणुकीत पाऊल टाकण्याचे नाकारले.

त्याच शनिवारी लंडनमध्ये काय झाले, हे या पार्श्वभूमीवर पाहण्यासारखे आहे. विजयी सैन्य व्हाईटहॉलवरून जाणार होते आणि वाटेत मृतांना मानवंदना देण्यासाठी काहीतरी असावे म्हणून एडविन ल्युटेन्स या स्थापत्यविशारदाकडून लाकूड व प्लास्टर यांचा एक तात्पुरता चौथरा घाईघाईने करवून घेण्यात आला होता. त्याचे नाव ‘सेनोटाफ’, म्हणजे रिकामी समाधी. मिरवणूक संपली की तो मोडावयाचा होता. परंतु मिरवणूक गेल्यावर लोक गेले नाहीत. खेड्यापाड्यांतून आलेल्या बायका त्या लाकडी चौथऱ्यापाशी फुले ठेवू लागल्या. ब्रिटिश सरकारने मृत सैनिकांची प्रेते मायदेशी आणू द्यावयाची नाहीत असे धोरण ठेवले होते. तेव्हा ज्यांच्या मुलांची थडगी समुद्रापलीकडे होती, किंवा मुळीच नव्हती, त्यांना फूल ठेवावयास ही पहिली जागा मिळाली. फुलांचा ढीग इतका वाढला की ती जागा हलविण्याची कोणाची छाती होईना. जुलै संपण्यापूर्वीच तोच घाट दगडात कायमचा उभारण्याचे ठरले. ११ नोव्हेंबर १९२० रोजी पोर्टलंडच्या दगडातील सेनोटाफचे अनावरण झाले. समितीने जो भाग कार्यक्रमात केवळ शोभेसाठी घातला होता, तोच लोकांनी उचलून घेतला.

यापेक्षाही साधी गोष्ट दक्षिण आफ्रिकेतील केपटाऊन शहरात युद्ध चालू असतानाच सुरू झाली होती. तेथे सिग्नल हिल या टेकडीवरून रोज दुपारी बारा वाजता तोफ उडत असे. मुंबईकरांना अशा तोफेची कल्पना सहज येईल. तेथील नगराध्यक्ष सर हॅरी हँड्स यांचा मुलगा रेजिनल्ड एप्रिल १९१८ मध्ये फ्रान्समध्ये मरण पावला. एका नगरसेवकाच्या सूचनेवरून हँड्स यांनी असे ठरवले की, बाराची तोफ झाली म्हणजे शहरातील सर्व व्यवहार क्षणभर थांबावेत. १४ मे १९१८ रोजी हा प्रकार प्रथम झाला. ट्रामगाड्या उभ्या राहिल्या, घोडागाड्या थांबल्या, अ‍ॅडर्ली स्ट्रीटच्या कोपऱ्यावरील एका सज्जातून कर्णा वाजला आणि रस्त्यातली माणसे टोप्या काढून जागच्या जागी उभी राहिली. आधी तीन मिनिटे ठरली होती. ती लांब वाटली म्हणून लगेच दोन करण्यात आली. यात खर्च नाही, भाषण नाही, निमंत्रण नाही. ज्याच्या घरी कोणी गेले नाही त्याला दोन मिनिटे उभे राहावे लागते, आणि ज्याच्या घरी गेले आहे त्याला आपण एकटे नाही एवढे दिसते. हे सुचविणारा व ठरविणारा यांच्यापैकी एकाच्या घरी नुकतेच सुतक होऊन गेले होते, ही गोष्ट लहान नव्हे. लूटनचे नगराध्यक्ष आणि केपटाऊनचे नगराध्यक्ष यांच्या अधिकारात फरक नव्हता.

ही केपटाऊनची चाल सर पर्सी फिट्झपॅट्रिक यांनी पाहिली होती. त्यांचा स्वतःचा मुलगा डिसेंबर १९१७ मध्ये रणांगणावर पडला होता. तहकुबीचा पहिला वाढदिवस जवळ आला तेव्हा त्यांनी लॉर्ड मिलनर यांच्यामार्फत राजाकडे सूचना पाठवली. तत्पूर्वी मे १९१९ मध्ये एडवर्ड हनी या ऑस्ट्रेलियन पत्रकारानेही लंडनच्या एका सायंदैनिकात पाच मिनिटांच्या मौनाची कल्पना मांडली होती. ७ नोव्हेंबर १९१९ रोजी राजाची विनंती प्रसिद्ध झाली आणि चारच दिवसांनी, ११ तारखेस सकाळी अकरा वाजता, साम्राज्यात ठिकठिकाणी दोन मिनिटे मौन पाळले गेले. जुलैच्या उत्सवाला कित्येक महिने तयारी लागली होती. नोव्हेंबरच्या मौनाला चार दिवस पुरले.

हिंदुस्थानात मात्र उत्सव यावयाचाच होता. सरकारने येथील शांतता-समारंभ डिसेंबर १९१९ च्या मध्यास ठेवला होता. त्या वर्षाचा ताळेबंद कसा होता? युद्ध संपत असतानाच, १९१८ च्या शरदात, इन्फ्लुएंझाच्या साथीने मुंबईपासून गावोगाव थैमान घातले आणि देशभर एक कोटीहून अधिक माणसे नेली; तहकुबीची बातमी आली तेव्हा कित्येक घरांत मर्तिकाचे दिवस चालू होते. त्याच साली पाऊस बुडाला. जानेवारी १९१९ मध्ये महागाईने गांजलेल्या मुंबईच्या गिरणी कामगारांनी प्रचंड संप केला. मार्चमध्ये रौलट कायदा झाला आणि १३ एप्रिलला अमृतसरच्या जालियनवाला बागेत गोळ्या झाडल्या गेल्या. तुर्कस्थानशी तर अद्याप तहच झाला नव्हता. तो पुढे १० ऑगस्ट १९२० रोजी सेव्हर येथे झाला. ज्या मुसलमान शिपायांनी सरकारच्या आश्वासनावर विसंबून खलिफाच्या सैन्याशी लढाई केली होती, त्यांच्या घरच्यांना शांततेचे दिवे लावावयास सांगणे हे धाडसच म्हटले पाहिजे.

मराठी मुलखात आणखी एक सल होता. युद्धाला मदत मिळविण्यासाठी लॉर्ड विलिंग्डन यांनी १० जून १९१८ रोजी मुंबईच्या टाऊन हॉलमध्ये परिषद बोलावली, तेव्हा लोकमान्य टिळकांना निमंत्रण होते. टिळक भरतीस प्रतिकूल नव्हते. पण मदतीबरोबर हक्कांचा विषय काढताच गव्हर्नरांनी त्यांचे बोलणे तोडले आणि टिळक सभागृहातून उठून गेले. लढावयास बोलवावे पण बोलू देऊ नये, या रीतीचा अनुभव मुंबईला लूटनच्या आधी एक वर्ष आला होता.

नोव्हेंबर १९१९ मध्ये दिल्लीस खिलाफत परिषद भरली. २४ तारखेच्या हिंदु-मुसलमानांच्या संयुक्त सभेचे अध्यक्ष महात्मा गांधी होते. शांतता-समारंभात भाग घ्यावयाचा नाही, हा तेथील प्रमुख प्रश्न होता. मौलाना हसरत मोहानी यांना तेवढ्याने समाधान नव्हते. विलायती मालावर बहिष्कार घालावा असा त्यांचा आग्रह होता. गांधीजींना आपल्या मनातील उपाय सांगण्यासाठी हिंदी अथवा उर्दू शब्द सापडेना, म्हणून त्यांनी ‘नॉन-कोऑपरेशन’ हा इंग्रजी शब्द वापरला. तो शब्द आपण प्रथम त्याच सभेत उच्चारला, असे त्यांनी आत्मकथेत नमूद केले आहे. म्हणजे पुढे ज्याला असहकार म्हणून सारा देश ओळखू लागला, त्याचा पहिला उच्चार युद्धसमाप्तीच्या उत्सवाला नकार देताना झाला. डिसेंबरमध्ये सरकारी इमारतींवर रोषणाई झाली. पुष्कळ वस्त्यांतून ती झाली नाही. लूटनमध्ये टाऊन हॉल जळला, येथे दिवे लागले नाहीत. दोहोंचे म्हणणे फारसे वेगळे नव्हते, पण सांगण्याच्या तऱ्हेत जे अंतर होते त्याने पुढच्या इतिहासाला वळण दिले.

अर्थात ते अंतर दरवेळी राखता आले नाही. दुसरे महायुद्ध संपल्यावर ७ मार्च १९४६ रोजी दिल्लीत विजय-दिनाचे संचलन ठेवण्यात आले. आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवरील खटल्यांनी देश तापला होता आणि मुंबई बंदरातील नाविकांचे बंड होऊन तीन आठवडेही झाले नव्हते. शहरात निदर्शने पेटली, गोळीबार झाला आणि चांदणी चौकातील टाऊन हॉलला आग लावण्यात आली. लूटननंतर २७ वर्षांनी तोच प्रकार तशाच इमारतीशी घडला. सरकारी दप्तराने यातून काही बोध घेतला असावा असे दिसत नाही.

लूटनने टाऊन हॉल १९३६ मध्ये पुन्हा बांधला. त्याच्याही आधी, १९२२ च्या डिसेंबरात, त्याच जागेसमोर युद्धस्मारक उभे राहिले. त्यावर शांतिदेवतेची मूर्ती आहे आणि गावच्या बाराशेहून अधिक मृतांची नावे कोरलेली आहेत. हुद्दा नाही, मानमरातब नाही; नावे. वॉर्डाऊन बागेत जी प्रार्थना करू दिली गेली नाही, ती या दगडासमोर दरवर्षी होऊ लागली.

मराठी मुलखातही दगड बसले. सातारा व रत्नागिरी या जिल्ह्यांतील खेड्यांत चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीत संगमरवरी पाट्या दिसतात. या गावातून इतके लोक १९१४ ते १९१९ च्या महायुद्धास गेले व त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढाच मजकूर त्यांवर असतो. गावाचे नाव आणि आकडा बदलतो, बाकी साचा तोच. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाचा आकडा ४६ आहे. एका खेड्याच्या मानाने तो केवढा, हे तेथील घरे मोजल्यावाचून कळत नाही. गावकऱ्यांना ४६ नावे पाठ होती, म्हणून पाटीवर ती नसल्याचे प्रथम कोणाला खटकले नसेल; दोन पिढ्यांनंतर मात्र पाटी राहिली आणि पाठांतर गेले.

समुद्रापलीकडे हाच हिशेब अधिक कठोर झाला. पुण्याच्या सहाव्या डिव्हिजनमध्ये १०३, ११० व ११७ क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. मेसोपोटेमियात कूत-अल-अमारा येथे त्यांना वेढा पडला. घोड्याचे मांस आणि मूठभर पीठ यांवर त्यांनी दिवस काढले आणि २९ एप्रिल १९१६ रोजी ते ठाणे शत्रूच्या हाती गेले. कैदेच्या वाटचालीत पुष्कळ जण वाटेतच मेले. त्या मोहिमेतील ज्या मृतांचे थडगे सापडले नाही, त्यांच्यासाठी बसरा येथे स्मारक उभारून २७ मार्च १९२९ रोजी त्याचे अनावरण झाले. त्यावर ४०,००० हून अधिक जणांची नोंद आहे. गोऱ्या शिपायांची नावे एकेक करून कोरली आहेत. हिंदी पलटणींच्या खाली सुभेदार व जमादार यांची नावे आहेत, आणि त्यांच्याखाली, आणखी इतके हिंदी शिपाई, असा केवळ आकडा.

हे स्मारक १९९७ मध्ये इराकी सरकारने नासिरियाच्या वाटेवरील जुन्या रणभूमीवर हलविले. युद्धस्मारकांची देखभाल करणाऱ्या राष्ट्रकुलाच्या आयोगाने एप्रिल २०२१ मध्ये या विषमतेची चौकशी करून अहवाल प्रसिद्ध केला आणि क्षमा मागितली. आफ्रिका व आशिया खंडांतील ४५,००० ते ५४,००० मृतांचे स्मरण गोऱ्या सोबत्यांच्या बरोबरीने केले गेले नाही, असा त्या अहवालाचा निष्कर्ष आहे. बसऱ्याच्या दगडावर जी नावे आली नाहीत ती आयोगाच्या नोंदवह्यांत होती: शिपाई, पलटण, बापाचे नाव, गाव, तालुका, जिल्हा.